खालचा कप्पा

सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. अश्विनात श्राद्ध उरकलं, मग दिवाळी झाली, आणि तुळशीचं लग्न लागल्यानंतर एका दुपारी मी आणि विमल कपाट उपसायला बसलो.

कपाट सासूबाईंचं. हिरवं, लोखंडी, चार कप्प्यांचं. त्याची किल्ली बावीस वर्षं त्यांच्या कमरेला होती. त्या गेल्यावर तेराव्याला नणंदेनं ती माझ्या हातात ठेवली. वर्षभर मी कपाट उघडत होते, कागद, पैसे काढत होते, पण त्यांच्या लुगड्यांना कुणी हात लावला नव्हता. आमचे कपडे वलणीवर आणि एका पत्र्याच्या पेटीत. आता वर्ष झालं होतं. थंडी सुरू झाली होती. आमच्याकडे द्राक्षाच्या बागा गारठून जातात अशी थंडी पडते. कुणाला काय आहे, काय नाही हे बघून बाजार करायचा होता.

विमल माझी थोरली. लग्नाला दीड वर्ष झालेलं. सासर तीन कोसांवर, बागाईतदाराचं घर. भाऊबिजेला चार दिवसांसाठी म्हणून आली होती, ती अजून इथंच होती. कधी जाणार हे मी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सकाळीच निरोप आला होता की रविवारी जावई न्यायला येणार. निरोप तिनंही ऐकला होता. पदर खोचला आणि म्हणाली, “चल आई, कपाट काढू.”

आम्ही सगळं खाली घेतलं. चटईवर ढीग झाले. डांबरगोळ्यांचा वास घरभर सुटला.

“हे बघ,” विमल म्हणाली. “हे लुगडं कोरं आहे. जिजीनं घडीसुद्धा मोडली नाही.”

मुलं सासूबाईंना जिजी म्हणायची, वडिलांना दादा.

“ते बाजूला ठेव. बाकीची पाच जुनी झालीत, त्यांच्या दोन गोधड्या होतील.”

“आणि दादांची ही पँट?”

“दत्तूला अर्धी चड्डी होईल.”

तिनं पँट उजेडात धरली. “आई, बुडाला चाळण झालीय. दत्तू काय पीठ चाळू राह्यला का हिच्यातून?”

मी हसले. तीही हसली. हसताना तिच्या गळ्याची हाडं दिसली. लग्नात ती अशी नव्हती.

विमलला घड्या छान घालता येत. तिनं वरचा कप्पा वडिलांना दिला, दुसरा मला, तिसरा धाकट्या भावंडांना, दत्तू आणि कमलला, मध्ये पुठ्ठा उभा करून. उन्हाळ्याचे कपडे मागं, थंडीचे पुढं. चैत्रात फक्त पुढचं मागं करायचं, म्हणाली. दत्तूचा जुना स्वेटर आखूड झाला होता आणि वडिलांचा कोपरात फाटला होता. दोन्ही उसवून दत्तूला एक होईल, असं तिनंच ठरवलं. लगेच एक टोक शोधून लोकर उसवायलाही घेतली.

कमल शाळेतून आली ती दप्तर टाकून ढिगात घुसली. आठ वर्षांची होती.

“मला नवा पाहिजे. लाल. टोपीवाला.”

“निळा मिळाला तर?” मी म्हणाले.

“लाल. नाहीतर नको.”

“तुझ्या ताईकडं बघ. तिनं कधी हट्ट केला का असा?”

विमल लोकरीचा गुंडा करत होती. मान वर न करता म्हणाली, “घे गं लाल. मी सांगते आईला.”

कमल खेळायला पळाली. चौथा कप्पा, सगळ्यात खालचा, रिकामा राहिला होता. विमलनं तो ओल्या फडक्यानं पुसला, मग कोरड्या फडक्यानं पुसला. तळाला कागद अंथरला.

“आई, हा कप्पा रिकामा आहे.”

“राहू दे. काही ना काही होतंच.”

“माझ्या साड्या ठेवू?”

मी गोधडीची लुगडी निवडत होते. लग्न झालेल्या लेकीचे कपडे माहेरच्या कपाटात कुणी ठेवत नाही. लेक पिशवी घेऊन येते, पिशवी खुंटीला टांगते, त्यातून काढते, त्यातच घालते. मीही माझ्या आईकडे तसंच केलं. माझ्या आईनंही.

“तुझी पिशवी आहे ना,” मी म्हणाले.

ती “बरं” म्हणाली.

मग यादी केली. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. ते पुढं पन्नाशी उलटल्यावर, शाळेत संध्याकाळी बायांचा वर्ग भरायचा तिथं आलं. विमल नववी शिकलेली. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून ती लिहीत होती, मी सांगत होते. कारखान्याच्या बोनसमधले अडीचशे रुपये उरले होते, त्यात सगळ्यांची थंडी भागवायची होती. कमलला स्वेटर. यांना कानटोपी आणि मफलर, कारखान्याचा हंगाम सुरू झाला की पहाटेची पाळी असते म्हणून. दत्तूला बूट. मला काही नको, सासूबाईंची शाल होती.

“वाच बघू,” मी म्हणाले.

“कमल, स्वेटर एक, लाल. दादा, कानटोपी एक, मफलर एक. दत्तू, बूट. डांबरगोळ्या एक पुडा.” ती थांबली. “विमल, स्वेटर एक.”

“हे मी कधी सांगितलं?”

“मी लिहिलं.”

“तुला सासरी घेतील ना.”

“मी इथंच राहते ना आई. गावात शिवणाचा क्लास आहे. तुझ्या गोधड्या करीन. कमलचा अभ्यास घेईन. मी जास्त खात नाही.”

ती हे एका दमात बोलली, पाठ केल्यासारखी. मी दाराकडे बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून. मग हळू विचारलं, “मारतात का?”

“नाही.”

“जेवायला?”

“देतात.”

“जावई पितात का?”

“नाही. ते काहीच करत नाहीत. काही बोलतच नाहीत.”

“मग?”

तिनं पेन्सिल खाली ठेवली. “तुम्ही दिलेली ट्रंक सासूबाईंच्या खोलीत आहे. किल्ली त्यांच्याकडं. मला आठवड्याला दोन पातळं काढून देतात. मागच्या महिन्यात पाळी आली. मी म्हटलं, आत्याबाई, अजून एक पातळ द्या. तर म्हणाल्या, बुधवारी दिलंय. मग तेच धुतलं आणि ओलंच नेसून बसले. पहाटे बागेला पाणी द्यायला जाते तेव्हा पण तसंच, भिजलं तर भिजलं. बदलायला दुसरं नसतं.”

मी ऐकलं. मला ते नवीन नव्हतं. मी कमरेची किल्ली काढून तिच्यापुढं धरली.

“ही बघ. तुझ्या जिजीनं मला साबणसुद्धा मोजून दिला. तुझ्या वेळी डोहाळजेवणाला मी माझ्याच साडीसाठी चार वेळा मागं लागले. आली का नाही शेवटी किल्ली माझ्याकडं?”

“बावीस वर्षांनी,” विमल म्हणाली. “तेही ती मेल्यावर.”

“असं बोलू नये.”

“नाही बोलत.”

“खोड ते.”

तिनं पेन्सिल उचलली आणि पानावर एक रेघ ओढली. कोणत्या ओळीवर ओढली ते मला वाचता येत नव्हतं. मग म्हणाली, “दादांना विचारशील? एकदा फक्त विचार. ते नाही म्हणाले तर मी जाईन. परत हा विषय काढणार नाही.”

“विचारते,” मी म्हणाले.

संध्याकाळी हे कामावरून आले. विमल पाण्याला गेली होती. मी यांच्याशी बोलले. ती हंडा घेऊन आली तेव्हा आमचं बोलणं संपलं होतं आणि हे पारावर निघून गेले होते. तिनं हंडा उतरवला, चुंबळ काढली, आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, लेकीनं आपल्या घरी जावं.”

“बरं,” ती म्हणाली. ती भाकरी थापायला बसली. त्या दिवशी भाकरी तिनंच केल्या, नऊ केल्या, एकही फाटली नाही.

लाकडं सारता सारता मी माझ्या मनात जे आलं होतं ते तिला सांगितलं. लग्नात त्यांनी जावयाला कोट मागितला होता. आम्ही पँट-शर्टाचं कापड दिलं. पहिल्या दिवाळीला तरी कोट देतील असं त्यांना वाटलं असणार, तेव्हा सासूबाई नुकत्याच गेल्या होत्या, नुसता टॉवेल-टोपी करून बोळवण केली. ते त्या बाईच्या मनात बसलं असणार. “या वेळी कोट करू. मानानं पाठवते तुला. कोट गेला की बघ, ट्रंकेची किल्ली आपोआप तुझ्या हातात येते की नाही.”

“आणि यादी?”

“यादीचं बघू. दत्तूचे बूट पुढच्या वर्षी. कानटोपी तू विण.”

“मग मफलरपण विणते,” विमल म्हणाली. “उरली लोकर तर.”

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी तालुक्याला गेलो. तयार कपड्यांचं दुकान बसस्टँडसमोर होतं. दुकानदार जाडजूड, तोंडात सुपारी.

“कुणासाठी?”

“जावयासाठी,” मी म्हणाले. “लोकरीचा पाहिजे. अस्तर असलेला.”

“जावईबापू कुठायत?”

“सासरी… म्हणजे त्यांच्या घरी.”

“माणसाशिवाय कोट घेऊ राह्यल्या मावशी? कोट म्हणजे काय टोपी आहे का?”

“माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत,” विमल म्हणाली. “खांदे थोडे रुंद.”

“मग तुम्हीच घाला ताई. वरून अंदाज कळतो.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, घाल. दुकानदारानं तपकिरी कोट मागून धरला, तिनं पदर नीट केला आणि बाह्यांत हात घातले. बाह्या तिच्या बोटांच्याही खाली आल्या. दुकानदारानं खांद्याला चिमूट लावून बघितलं. “एवढं सुटतंय. म्हणजे त्यांना बरोबर बसणार.” मग हसून म्हणाला, “पण खरं सांगू का मावशी, ताईलाच शोभू राह्यलाय. जावयाला टोपीवर भागवा.”

विमल हसली. तिनं दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

“आई, खिशालासुद्धा आतून अस्तर आहे.”

मी घासाघीस करत होते. तो एकशे नव्वद म्हणत होता, मी दीडशे. शेवटी एकशे पासष्टला तुटलं. तेवढा वेळ ती तशीच उभी होती, खिशात हात घालून, रस्त्याकडे तोंड करून. नोटा मोजून झाल्या.

“काढा ताई, घडी घालतो,” दुकानदार म्हणाला.

तिनं ऐकलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. मग तिनं एक एक बटण काढलं. कोट त्याच्या हातात देताना तिनं बाही नीट केली, सुरकुती काढली.

उरलेल्या पैशांत कमलचा लाल स्वेटर आला, टोपीवाला. डांबरगोळ्या आल्या. ओटीसाठी नारळ आणि हिरवा खण आला. बसमध्ये विमल म्हणाली, “आई, मला साडी घेऊ नको हं. ट्रंकेतच जाईल.”

“जिजीचं कोरं लुगडं आहे ते कापून पाचवारी देते.”

“तेही ट्रंकेतच जाईल.”

“मग काय देऊ?”

“काही नको,” ती म्हणाली. “खिडकी लाव. वारा येऊ राह्यला.”

रविवारपर्यंत तिनं कानटोपी विणली. दत्तूच्या स्वेटरची एक बाही तेवढी राहिली. ती कशी करायची ते तिनं कमलला दाखवलं, पण कमल आठ वर्षांची, तिच्यानं काय होणार. मला विणकाम येत नव्हतं.

जावई अकराच्या बसनं आले. निवृत्ती नाव त्यांचं. उंच, सभ्य माणूस. आला की आधी पाया पडणार. मी पुरणाचं केलं होतं. जेवण झाल्यावर हळदीकुंकू लावून कोट दिला. त्यांनी लगेच घातला. खांद्याला बरोबर बसला.

“मामी, एवढं कशाला?” ते म्हणाले. पण ते खूश झाले होते. सारखे बाहीवरून हात फिरवत होते.

विमल आत पिशवी भरत होती. हे पान लावत होते. मी म्हटलं, आत्ताच बोलावं.

“पाहुणे, एक सांगू का? विमलच्या ट्रंकेची किल्ली तेवढी तिच्याजवळ असू द्या म्हणावं आईंना. पोर लाजते मागायला.”

ते हसले. “मामी, आमच्या घरात काय चोर आहेत का? आईकडं असली काय, हिच्याकडं असली काय. घरातच आहे ना किल्ली?”

“तेही खरंच,” मी म्हणाले, आणि मीही हसले.

मी विमलची ओटी भरली. तिनं वडिलांना नमस्कार केला. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “सुखानं जा बाळ. संक्रांतीला येतो मी न्यायला.” ती त्यांच्याकडे बघत राहिली. काहीतरी विचारायचं असल्यासारखं तिचं तोंड उघडलं. मी म्हटलं, चला, बस जाईल.

फाट्यावर मी एकटी पोचवायला गेले. जावई पुढं चालत होते, कोट घालून, ऊन होतं तरी. विमल माझ्याबरोबर.

“डांबरगोळ्या माघात बदल,” ती म्हणाली. “आणि कमलचा स्वेटर आखूड झाला तरी टाकू नको, दोन वर्षांनी पुन्हा उसवता येईल. दादांच्या कप्प्यात उजवीकडे कानटोपी ठेवलीय. त्यांना सापडत नाही, काढून दे.”

“देते.”

“दादा खरंच तसं म्हणाले?”

“हो.”

“बरं,” ती म्हणाली. बस आली. तिला खिडकीची जागा मिळाली नाही.

घरी आले तेव्हा हे ओट्यावर बसले होते. मला म्हणाले, “रडली का गं?” मी म्हटलं, “नाही. हसत गेली.” मग ते उठून आत गेले.

त्या संध्याकाळी, विमल पाण्याला गेली होती तेव्हा, हे काय म्हणाले होते ते मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगते. मी त्यांना सगळं सांगितलं, ट्रंक, ओलं पातळ, बागेचं पाणी. ते बराच वेळ टाच खाजवत बसले. मग म्हणाले, “राहू दे की तिला. दोन भाकरी काय जड आहेत का आपल्याला? लोक चार दिवस बोलतील आणि गप होतील. पण तू आई आहेस, बाईमाणसाचं तुला कळतं. तिच्या मनात काय आहे? तू म्हणशील तसं करू.”

मी म्हणाले, “तिलाच जायचंय. जावयाला कोट घ्या म्हणते.”

ते म्हणाले, “मग घे कोट.”

कमलचं लग्न व्हायचं होतं, हे एक. आणि दुसरं हे, की बावीस वर्षं मी काढली होती आणि हिनं दीड वर्षात पिशवी उचलून आणली होती. ते मला सोसलं नाही. त्या वेळी मला हे असं कळलं नव्हतं. त्या वेळी मला वाटलं, मी तिचं घर वाचवू राहिले.

संक्रांतीला हे तिला आणायला जाणार होते, पण कारखान्यात रजा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या सासरचा गडी सायकलवर आला, विमलला तालुक्याच्या दवाखान्यात नेलंय म्हणाला. पहाटे बागेला पाणी देताना भिजली, पाच दिवस ताप होता, उतरेल उतरेल म्हणून काढा देत होते. मी जाऊन पोचले तेव्हा बाहेरच्या बाकावर जावई एकटे बसले होते.

जावयांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. ते आता आजोबा झालेत. विमलचे वडील सोळा वर्षांनी गेले, भाद्रपदात, झोपेत. त्यांच्या मनात शेवटपर्यंत असंच होतं की लेक स्वतःच्या मर्जीनं गेली. मी त्यांना खरं सांगितलं नाही.

विमल गेली ती त्या वर्षीच्या पौषात, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी दहाच्या आत. न्यूमोनिया होता. ती वीस वर्षांची होती.